मार आणि आगु

माझ्या बाबांना ऐकू येत नाही, ही गोष्ट इचोड्यात दोघांनाच ठाऊक होती. एक मला आणि एक बाबांना. आणि आम्ही दोघं ती एकमेकांपासून लपवत होतो.

बाबांचं नाव नागनाथ, पण हायवेवरचे ड्रायव्हर त्यांना नागन्ना म्हणतात. उन्हाळा-पावसाळ्यात ते ट्रकांचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करतात. नाव झालं ते मात्र हिवाळ्यातल्या कामामुळे. गारठून बसलेल्या गाड्या चालू करण्यात त्यांचा हात धरणारा निर्मलपर्यंत कोणी नाही. आमच्या आदिलाबादकडची थंडी हैदराबादच्या लोकांना खोटी वाटते. नुसत्या शर्टावर येतात, ढाब्यावर गाडी लावून झोपतात, आणि पहाटे पाच डिग्रीत उठून बघतात तर गाडी हूं की चूं करत नाही. ऑइल पाकासारखं घट्ट, डिझेल जाड, बॅटरी अर्धमेली. मग हे शहाणे चावी फिरवून फिरवून उरलीसुरली बॅटरीही मारतात, आणि सगळं करून झालं की म्हणतात, नागन्नाला फोन लावा. आधी लावतील तर शपथ.

बरेच ड्रायव्हर गाडीखाली जाळ करतात. घमेल्यात कापसाच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवायच्या आणि ऑइलच्या चेंबरखाली सरकवायच्या. बाबांना ते अजिबात खपत नाही, आणि गाडीत कापूस असेल तर ते घमेलं लाथेनं उडवतात. त्यांची रीत वेगळी. रेणुकाबाईच्या चहाच्या टपरीवर दोन डबे पाणी उकळायचं, त्यात गोणपाट बुडवायचं, आणि वाफाळलेलं गोणपाट डिझेलच्या फिल्टरला, पंपाला, नळ्यांना गुंडाळायचं. याला ते शेक म्हणतात. माझी आजी भागीरथा गावात सुईण होती. बाळंतिणीला शेक द्यायचा तर तो जाळानं नाही, उबेनं द्यायचा, असं ती म्हणे. बाबांनी आईची विद्या ट्रकांना लावली. शेक झाला की ते पंपातली हवा काढतात, आणि मग ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगतात.

इथे दोन शब्द लागतात, आणि हायवेवर तेवढेच दोन पुरतात. ड्रायव्हर तेलुगू असो, मराठी असो, नाहीतर पंजाबचा असो. 'मार' म्हटलं की चावी फिरवायची. 'आगु' म्हटलं की थांबायचं. आगु हा शब्द तेलुगू, पण आमच्याकडे आता म्हशीलासुद्धा आगु म्हणतात. नाकवाल्या जुन्या गाड्यांचं बॉनेट वर केलं की ड्रायव्हरला समोरचा माणूस दिसत नाही. त्यामुळे बाबांचा हात पंख्याच्या पट्ट्यात आहे की बाहेर, हे ड्रायव्हरला या दोन शब्दांवरूनच कळायचं. म्हणजे सगळा खेळ कानांचा.

तीन वर्षांपूर्वी असंच एका पहाटे ड्रायव्हरनं केबिनमधून विचारलं, "मारू का?" दोनदा विचारलं. बाबा बोलले नाहीत. गप्प म्हणजे हो, असं समजून त्यानं चावी फिरवली. बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं. "थंडीनं बोटं बधिर झाल्ती," असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच सांगितलं, आणि मी विश्वास ठेवला. आई नुकतीच गेली होती, बाबांचं कशात लक्ष नसेल असंही वाटलं.

खरं कळलं ते पेचकसामुळे. इंजिनाच्या आतला आवाज ऐकायला बाबा लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ कानाला. लहानपणापासून मी तेच बघत आले. एके दिवशी पाहिलं तर त्यांनी मूठ दातात धरली होती. दातात! ड्रायव्हर हसत होते, "नागन्ना इंजिन चाखून राह्यले." मलाही आधी हसू आलं. मग हसू थांबलं. कानाने येत नाही म्हणून हा माणूस आवाज दातांनी घेतोय, हे माझ्या लक्षात आलं. त्यानंतर घरी बघितलं तर त्यांचा फोन रात्री उशीखाली नसायचा, गालाखाली असायचा, आणि थरथरण्यावर ठेवलेला असायचा. तरी कधीकधी त्यांना जाग यायची नाही. मग मी भिंतीपलीकडून उठून त्यांना हलवायचे आणि म्हणायचे, "बाबा, फोन आलाय." ते म्हणायचे, "ऐकलं मी. उठूनच राह्यलो व्हतो. तूच बोलून घे." 

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तीस वर्षं इंजिनाजवळ कान घालवलेल्या माणसाला 'तुम्ही बहिरे झालात' म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि दुसरंही होतं. हे एकदा हायवेवर कळलं असतं, तर त्यांना कोण बोलावणार होतं? बहिऱ्या माणसाचा हात पट्ट्यात असताना चावी फिरवायला कोण तयार होईल? काम गेलं तर बाबा घरात बसून आठ दिवसांत म्हातारे झाले असते. काम राहिलं तर एखाद्या पहाटे हात गेला असता. या दोहोंच्या मध्ये मी एक हिवाळा काढला. मी बाजारहत्नूरच्या मंडळ कार्यालयात कॉम्प्युटरवर बसते. तिथे दुसऱ्यांच्या जमिनींच्या पहाण्या टाइप करताना माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा हात असायचा.

मग मी त्यांच्यासोबत जायला लागले. साडेपाचला शाल गुंडाळून निघायचं, गाडीपासून चार हातांवर उभं राहायचं, आणि साडेसातची बस पकडायची. बाबांचा हात पट्ट्याजवळ दिसला की मी ओरडायचे, "आगु! आगु!" ड्रायव्हर थांबायचा. हात पट्ट्याजवळ नसतानाही मी ओरडायचे. नुसता पाना पडला तरी ओरडायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. ड्रायव्हर वैतागले. रेणुकाबाई चहा गाळता गाळता म्हणायची, "झाली वं प्रीतीची आरती सुरू." तिच्या टपरीवर मला 'आगुताई' म्हणू लागले. म्हणोत. पेर त्यांचं गेलं नव्हतं.

बाबांना याच काळात एक नवी खोड लागली होती. काम करता करता दर दोन मिनिटांनी ते मान वर करून माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, मी चिडलेय की नाही ते बघतात. मला त्याचाही राग यायचा.

या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. त्या पहाटे मी मनाशी पक्कं ठरवून निघाले होते. पर्समध्ये आदिलाबादच्या कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, दुपारी दोनचा नंबर लावलेला. बाबांनी ऐकलं तर ठीक, नाहीतर आज टपरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. रात्रभर मी ते वाक्य मनात जुळवत होते. सांगितल्यावर बाबा माझ्याकडे कसे बघतील, तेवढं मात्र डोळ्यांसमोर येऊ देत नव्हते.

गाडी निर्मलच्या मल्लेशची होती. नाकवाली, जुनी. बाजारहत्नूरकडून कापूस भरून तो संध्याकाळी आला होता आणि सकाळी जिनिंगला पोचायचं होतं. कापूस असा ठासला होता की ताडपत्रीच्या बाहेर मागून आणि बाजूनं फुगून लोंबत होता. आम्ही पोचलो तेव्हा मल्लेशनं इंजिनाखाली पऱ्हाट्यांचं घमेलं ठेवलेलंच होतं.

बाबांचा चेहरा तापला. "कापसाच्या गाडीखाली इस्तो? डोकं हाय का खोकं?"

"थोडाइच रखा था नागन्ना," मल्लेश म्हणाला. "टाइम नै मेरे पास. लाइन लग जाती जिनिंग को."

"काढ आधी ते!"

मल्लेशनं चिमट्यानं घमेलं ओढलं आणि कुरकुरत गाडीच्या पलीकडे घेऊन गेला. बाबांनी बॉनेट उघडलं. रेणुकाबाईनं पाण्याचे डबे दिले. मी नेहमीसारखी डाव्या बाजूला, बॉनेटला टांगलेल्या बल्बच्या उजेडात उभी राहिले. धुकं असं होतं की टपरीचा दिवा फक्त पिवळा डाग दिसत होता. मल्लेशनं घमेलं कुठे ठेवलं, हे कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

शेक झाला. बाबांनी पंपातली हवा काढली, पेचकस दातात धरला आणि तो काढून म्हणाले, "मार."

सेल्फ कण्हला. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पांढरा धूर निघाला.

"आगु," बाबा म्हणाले, आणि पुन्हा पंपावर वाकले.

थंड इंजिन असा पांढरा धूर टाकतंच. तो धुक्यात मिसळला आणि सगळीकडे सारखाच पांढरेपणा झाला. बाबांचा हात आत होता. मी ओरडले, "आगु, आगु!" मल्लेश केबिनमधून म्हणाला, "सुना ताई, सुना." दोन मिनिटांनी पुन्हा 'मार'. पुन्हा खोकला, पुन्हा धूर. मी पुन्हा ओरडले. माझे पाय गारठले होते. पर्समधली चिठ्ठी काढावी की पुढच्या 'मार'पर्यंत थांबावं, असं मनाशी चाललं होतं. पाय मोकळे करायला म्हणून मी गाडीच्या मागच्या अंगाला गेले.

तिथे धूर होता. इंजिन तर बंद होतं. आणि हा धूर डिझेलचा नव्हता, त्याला जळक्या चिंधीचा वास होता. खाली बघितलं तर घमेलं तिथेच, गाडीच्या मागच्या चाकाजवळ, लोंबणाऱ्या कापसाच्या बरोबर खाली. पऱ्हाट्या फुलल्या होत्या. कापसाच्या एका पुंजक्याच्या कडेनं लाल रेघ वर चढत होती.

मी डाव्या बाजूला धावत आले आणि ओरडले, "आग! आग!"

कोणी हललं नाही.

"आग! अहो आग!"

मल्लेशनं केबिनमधून हात बाहेर काढून हलवला. "आगिंदि ताई, आगिंदि. चाबी छोड़ दिया मैं." म्हणजे, थांबली गाडी बाई, थांबली. टपरीवर बसलेले दोघे ड्रायव्हर हसले. रेणुकाबाई म्हणाली, "थांबले वं ते माय, किती बोंबलशीन?" दोन हिवाळे मी त्या लोकांच्या कानात 'आगु' भरत आले होते. आता 'आग' त्यांच्या कानांत शिरत नव्हती. लांडगा आला रे आला, दुसरं काय. मला दुसरा शब्द सुचेना. पाणी म्हणावं, जाळ म्हणावं, इस्तो म्हणावं, काही म्हणजे काही आठवेना. तोच एक शब्द तोंडातून निघत होता, आणि जितक्या जोरात ओरडावं तितके ते जास्त हसत होते. दोन ट्रक कापसाच्या गाडीला खेटून उभे होते. बाबा इंजिनात वाकलेले होते आणि त्यांना तर काहीच ऐकू येणार नव्हतं. माझे बाबा या गाडीसोबत जळणार, एवढंच मला समजत होतं.

आणि बाबांनी मान वर केली. खोडच ती, दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघायची. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागच्या लालसर धुराकडे बघितलं, आणि दुसऱ्या क्षणी हातातला पेचकस टाकून ते धावले. पंपावरचं ओलं गोणपाट ओढून घेऊन धावले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण मला ओलांडून मागे पोचले तेव्हा मी वळतच होते. त्यांनी घमेलं लाथेनं रस्त्याकडे उडवलं, गोणपाट कापसावर दाबलं आणि ओरडले, "पाणी आणा! दोर सोडा!"

मग सगळे धावले. उकळत्या पाण्याचे डबे, टपरीची बादली, जे हाती लागलं ते. वरचा जाळ लगेच विझला, पण बाबा कोणाला थांबू देईनात. "कापसाची आग आतल्या आत चालते," असं म्हणत त्यांनी दोर सोडायला लावला आणि हातांनी कापूस उपसून काढला. काळा, तांबूस, मग पिवळट, मग पांढरा. पांढऱ्यातही हातभर आत जाऊन त्यांनी तळवा लावून बघितला. गार लागला तेव्हाच ते मागे सरले. दोन पोती भरतील एवढा कापूस रस्त्यावर पडला होता. गाडी वाचली होती. बाबांचे तळहात लाल झाले होते.

मल्लेश खाली बसला. "ताई," तो म्हणाला, "मेरे को आगु सुना. कसम से, आगुइच सुना."

"मले बी आगुच ऐकू आलं," रेणुकाबाई म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला होता. मग पदर सोडून ती बाबांकडे वळली. "नागनाथभाऊ, आमी इथी जवळ असून आमाले नाई समजलं. तुमी तं इंजिनात डोकं घालून व्हते. तुमाले कसं ऐकू आलं?"

हीच वेळ होती, मी ठरवलेली. आणि मी पर्सची चेन नुसती उघडबंद करत राहिले.

बाबांनी रेणुकाबाईच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मले नाई आलं ऐकू," ते म्हणाले. "मले काईच येत नाई ऐकू. तीन वर्सं झाले."

बाबा पुढे म्हणाले, "हे पोरगी आगु म्हणते ना, तवा तिचं तोंड मिटते. चुलीत फुक मारल्यावानी. दोन वर्सं मी तेच पाहून राह्यलो, तोंड मिटलं का हात काढा. आज तोंड मिटलंच नाई. उघडंच राह्यलं. मंग मी समजलो, हे आगु नाई."

मी तिथेच रडले. रस्त्यावर, सगळ्यांसमोर, भिजलेल्या कापसात उभी राहून. दोन वर्षं मी समजत होते की मी या माणसाला सांभाळतेय, आणि ते माझं सांभाळणं ओठांवरून वाचत होते. रागही आला. "मंग मले काऊन नाई सांगतलं?" मी ओरडले.

"तू तं कुठी सांगतलं मले?" बाबा म्हणाले.

मी पर्समधली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली. "दोन वाजता? बरं," म्हणाले, आणि घडी करून खिशात घातली. एवढं सोपं होतं ते.

पण खरी भीती पुढेच होती. गाडी अजून चालू झाली नव्हती. दोर बांधून झाला, कापूस पुन्हा दाबला गेला, आणि सगळे ड्रायव्हर बाबांच्या हातांकडे बघत उभे राहिले. आता त्यांना माहीत होतं. बाबांनी जमिनीवरचा पेचकस उचलला, पुसला, आणि इंजिनाजवळ जाऊन उभे राहिले. मल्लेश त्यांच्याकडे बघत होता. त्यानं खिशातून फोन काढला. झालं, मला वाटलं. आता हा इंद्रवेल्लीच्या दुसऱ्या मेकॅनिकला फोन लावणार. आजपासून सगळेच लावतील.

मल्लेश केबिनमध्ये चढला. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला, बॉनेटच्या बाजूनं मान काढली, जिथून बाबांना तो दिसेल तिथपर्यंत. मग त्यानं फोनची बॅटरी लावली आणि हनुवटीखाली धरली. धुक्यात त्याचं तोंड तेवढं उजळलं. मिशा, तंबाखूचे दात, सगळं.

"नागन्ना," तो सावकाश, तोंड मोठं करून म्हणाला, "मा-रू क्या?"

बाबांनी आधी दोन्ही हात वर करून दाखवले. मग म्हणाले, "मार."

सेल्फ कण्हला. इंजिन खोकलं. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. पुन्हा खोकलं, अडलं, आणि एकदम पकडलं. अख्खी गाडी थरथरली, टपरीवरचे ग्लास वाजायला लागले. बाबांनी सगळ्यांसमोर पेचकस दातात धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांचा डावा हात मात्र पट्ट्यापासून वीतभर अंतरावर होता.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी तोंडावरचे हात काढले.

"बाबा, हात काढा," मी म्हटलं. त्या आवाजात माझं मलासुद्धा ऐकू आलं नाही.

बाबा हसले आणि त्यांनी हात काढला.